देवीची माती

निफाडजवळच्या त्या गावात घटाची काळी माती पाटलाघरी न्यायचा मान लंकाबाईचा. चौतीस साली तिच्या बांधावर गांजाची झाडं सापडली आणि तिचा नवरा केरू नाशकाच्या तुरुंगात गेला. झाडं चोरून लावली होती खंडेराव पाटलानं. सारा गाव जाणत होता, बोलत कुणीच नव्हतं.

"ज्यानं धन्याला आत धाडलं, त्याच्याच दारी पाटी नेतीस गं?" पुढच्या नवरात्रात शेजारणीनं टोचलं.

"देवीची माती हाय, सगुणाबाई. तिला कसलं वैर?"

पाटलाची नवी सून पहिल्यांदाच घट बसवत होती. लंकाबाईनं उंबऱ्याबाहेरूनच तिला मायेनं शिकवलं, "माती दाबू नको लेकी, भुसभुशीत ऱ्हाऊ दे. पाणी ओतायचं नाय, शिंपडायचं. आन् उगवंल ते उपटायचं नाय, देवीचं असतं."

दसऱ्याला अबकारी खात्याचे फौजदार पाटलाकडे सोनं द्यायला आले. घटातली रोपं पाटलानं मोठ्या तोऱ्यात पागोट्यात खोवली होती.

"छान तरारलंय. पेरलं कुणी?" साहेबांनी निरखत विचारलं.

"आम्हीच, साहेब! आमच्या घटाला परक्याचा हात लागत नाही."

साहेबांनी गव्हाच्या पात्यांतून करवती पानांचं एक रोप हळूच ओढून काढलं.



दाराबाहेर लंकाबाईनं हात जोडले आणि मनात म्हणाली, "पाटील, माझ्या बांधावर झडलेलं तुमचंच बी हाय, वरीसभर पदरात जपलं, देवीच्या मातीतून पोचतं केलं."