सहाची शिट्टी

सुगंधा धावत होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, चपला हातात, आणि पायाखाली खारी गावामागच्या मिठागराचा बांध. पहाटे ती माती गार असते. समोरून कानात वायरी खुपसून एफएम ऐकत चालणारे दोन गृहस्थ रोज भेटत. त्यांची तिला कीव यायची. नुसता आपलाच श्वास ऐकत पळण्यात केवढी चैन आहे, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

वजन कमी करायला वगैरे ती धावत नव्हती. एकदा दूध आणताना कुत्रं मागे लागलं म्हणून पळाली. कुत्रं थांबलं, ती थांबली नाही. पस्तिशीत एवढं सुख सापडलं, तेही रस्त्यावर, याचं तिचं तिलाच हसू येई. आज तर ती बांधाच्या पार टोकापर्यंत गेली आणि तिथे एकटीच मोठ्याने हसली.

तिचा मोबाइल घरी ओट्यावर होता. तो तिला नवऱ्याने, उत्तमने, घेऊन दिला होता. उत्तम रात्रपाळीला असे, आणि सहाला पाळी सुटली की पहिला फोन घरी. ‘बायकोची किती काळजी!’ असं बिल्डिंगमधल्या बायका म्हणत. काळजी होतीच, मेली, गळ्याशी येईल इतकी. कुठे आहेस? घरीच ना? मग मागे कावळे कसले ओरडतायत? त्या कावळ्यांनंतर त्याने नियमच घातला. सहाला कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे. त्याच्या आईला, विमलाबाईंना, मोतीबिंदू; त्यांना गॅसजवळ जायची त्यानेच बंदी केलेली. म्हणजे शिट्टी झाली की सुगंधा घरात, असं त्याचं साधं गणित होतं.

त्याची आईच ते गणित रोज चुकवत होती. सुगंधा डाळभाताचा कुकर मंद गॅसवर ठेवून निघे. फोन वाजला की विमलाबाई चाचपून बटण दाबत. ‘पाणी आलंय, न्हाणीत भरतेय ती,’ असं सांगत, गॅस मोठा करत आणि शिट्टी होईपर्यंत मोबाइल कुकरपाशी धरून उभ्या राहत. भात रोज गिचका व्हायचा. उत्तम ताटावर कुरकुरायचा. सासू हे का करते, हे सुगंधाने कधी विचारलं नव्हतं. विचारलं आणि म्हातारीचं मन फिरलं तर?

सव्वासहाला तिने दार ढकललं. घरात नळाचा आवाज तेवढा येत होता. विमलाबाई मोरीजवळ जमिनीवर बसल्या होत्या, उजवा हात बादलीत बुडवून.

“आई? फोन आलेला?”

“आला ना.”

“मग?”

“ऐकवली शिट्टी.”

सुगंधाने त्यांचा हात पाण्यातून वर काढला. अंगठा आणि पहिली दोन बोटं लालभडक झाली होती, आणि तळव्यावर फोड टरारून आला होता.

“हे काय करून घेतलंत!”

“गॅस संपला गो मध्येच. मी बटण फिरवतेय, फिरवतेय, काय नाय. तो तिकडून ओरडतोय, शिट्टी का होत नाय? कुकर तापलेला होता. मग शिट्टी बोटांनीच वर उचलली. फुस्स झाली तशी.”

“अहो, मग गॅस संपला म्हणून सांगायचं ना त्याला!”

“म्हणजे? सिलेंडर बदलायला तुलाच बोलव म्हणाला असता.” विमलाबाईंनी हात परत पाण्यात घातला. “एवढं नसतं भाजलं. पण एका शिट्टीवर त्याचं समाधान नाय झालं. म्हणाला, ही कसली शिट्टी? अजून एक होऊ दे.”

सुगंधा त्यांच्याजवळ खाली बसली. म्हणजे आपण बांधाच्या टोकाला हसत होतो, तेव्हा इथे ही दुसऱ्यांदा वाफेत बोटं घालत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि उत्तमचा असा राग आला की दात आपोआप आवळले गेले.

“आजपासून बंद,” ती म्हणाली. “मी नाही जाणार.”

नळाचं पाणी बादलीतून वाहून मोरीत जात होतं.

“तुझ्या सासऱ्याच्या वेळी फोन नव्हता,” मग म्हातारी म्हणाली. “तो दारात बसून माझे पाय बघायचा. नदीवर गेले तर ओले, शेतावर गेले तर चिखलाचे. सांगितलं होतं तिकडचेच दिसले नायत, की पट्टा. मी कुठेच जात नव्हते गो. वाट चुकलेली शेळी शोधायला गेले, तरी पट्टा.”

सुगंधाने बटाटा किसून त्यांच्या बोटांवर थापला. म्हातारीने तोंडातून आवाज काढला नाही.

“कुठपर्यंत गेलीस आज?”

“टोकापर्यंत,” सुगंधा म्हणाली.

“बरं केलंस. आता आधी पाय धू. साडेसातला येईल तो. माझ्या हातावर चहा सांडला, एवढंच सांगायचं. आणि तो सिलेंडर बदलून घे.”

सुगंधा हलली नाही. विमलाबाईंनी डाव्या हाताने तिचा खांदा शोधला.

“मला आता चमचा शोधता येत नाय गो. उद्या जाताना, शिट्टी उचलायची वेळ आलीच तर, लांब दांड्याचा एक माझ्या हातात देऊन जा.”