तारांची उंची

गिटारच्या तारा पुन्हा जुन्या उंचीवर आल्या होत्या.

धाकटीने दांडीवरच्या बाराव्या फ्रेटच्या पट्टीपाशी, तारेखालच्या फटीत, मापाची पत्ती सरकवून पाहिली. साडेतीन मिलिमीटर. दादा गेला तेव्हा तारा जितक्या उंच होत्या तितक्याच. केसभरही इकडे-तिकडे नाही. मधल्या काळात तिने स्वतः त्या खाली आणल्या होत्या. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिच्याखाली दादाने आइस्क्रीमच्या काडीचा तासलेला तुकडा दडपला होता. खाली तारा खरखरतात, असं त्याचं म्हणणं. तिने तारा सैल केल्या, पट्टी उपसली, काडी काढली आणि पट्टी परत खाचेत बसवली. तारा खाली आल्या, बोटांना जोर लागेनासा झाला. दादाची आवडती धून वर्षभर तिच्या बोटांना दाद देत नव्हती, ती त्या दिवशी एका दमात वाजली.

पूर्वी ती वाजवायला बसली की शेजारच्या खोलीतलं आईचं शिलाई मशीन मध्येच थांबायचं. त्या दिवशी ते चालतच राहिलं.

"छान वाजतं आता," आई नंतर म्हणाली होती. "अगदी सरळ."

पंधरवड्यात तारा परत वर. धाकटीची नोकरी मोजमापाची उपकरणं पारखण्याच्या प्रयोगशाळेत. अचंबा करत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणून गिटारच्या पोटात ठेवल्या आणि आठवडाभर वाट पाहिली. काही फरक पडला नाही.

"लाकूड दमट हवेत फुगतं, बाबा. वरची फळी फुगली की तारा उचलल्या जातात."

"फुगू दे ना," बाबा म्हणाले. "पण बरोबर त्याच्याच मापाला फुगावं?" नळ गळतोय हे सांगावं, तितक्या सपाट आवाजात ते बोलत होते. पण गेले काही दिवस त्यांनी गिटारच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आत्ताही ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. "त्याची वस्तू आहे, तो बघून घेतोय. संध्याकाळी संगीतवर्गाची माणसं येतायत. तोवर तुझी हवा सापडली तर ठीक, नाहीतर ही गिटार त्यांच्याबरोबर जाईल. मला आता झेपत नाही."

"हवाच असेल," आई आतून म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. "हीच म्हणते ना, फुगतं म्हणून."

धाकटीने गिटार मांडीवर घेतली आणि सहाही तारा एकेक करून छेडल्या. प्रत्येक तार जराशी उतरलेली होती. हे आधीही तिच्या लक्षात आलं होतं. तेही तिने हवेच्याच खात्यावर टाकलं होतं. आता मात्र तिचा हात थांबला. फळी फुगली तर तारा ताणल्या जायला हव्यात. ताण वाढला की स्वर चढतो. इथे तारा उंच होत्या आणि स्वर उतरलेला. हवेला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत.

तिने घाईघाईने तारा सैल केल्या आणि हाडाची पट्टी उपसली.

खाचेत काडी होती.

तीच. टोकाशी दादाच्या ब्लेडचा तिरका छेद. क्षणभर धाकटीच्या अंगावर काटा आला, आणि तो आल्याचा तिला रागही आला.

प्रयोगशाळेतली शिस्त तिच्या हाडीमाशी खिळलेली होती: उपकरणातून काढलेला भाग फेकायचा नाही, पाकिटात घालून जवळ ठेवायचा. काडीही तिने पाकिटात घातली होती, वर चिकटपट्टी लावून. घरात बारीकसारीक वस्तूंची एकच जागा होती. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि आईच्या मशीनचा खण ओढला. पाकीट तिथेच होतं. चिकटपट्टी कात्रीने नीट कापलेली. आत काही नव्हतं.

मशीन थांबलं.

"आई, हे तू उघडलंस?"

"हो."

"तुला गिटारच्या तारा लावता येतात?"

"जन्मभर या मशीनचा दोरा कोण लावतं? सैल करताना फेरे मोजले, तेवढेच परत पिळले."

"कमी पडले थोडे."

"मग पडले असतील."

"अगं, बोटं सोलतात माझी उंच तारांवर. धुनेतल्या त्या एका जागी तर बोटं पोचतच नाहीत."

"ठाऊक आहे कुठल्या जागी. तोही तिथेच अडायचा." आईने टाचण्या काढून उशीला टोचल्या. मशीनच्या चाकावर हात ठेवून ती भिंतीकडेच पाहत राहिली. "तिथे येऊन थांबतेस. चक् करतेस. मग पहिल्यापासून सुरू करतेस. माझी तिकडे पाठ असते. कोण बसलंय ते मला दिसत नाही."

धाकटीने खण लोटला आणि परत गिटारपाशी येऊन बसली.

बाबा अजून उंबऱ्याबाहेरच होते, हातात फोन घेऊन. "सापडली हवा?"

"हवा नव्हती. त्या माणसांना येऊ नका म्हणून सांगा."

"मग काय होतं?"

तिने काडी खाचेत तशीच राहू दिली. तिच्यावर हाडाची पट्टी बसवली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि पहिली तार ताणायला घेतली.

"तारा आईने वर केल्या होत्या," ती म्हणाली. "खाली असल्या की माझं कुठे चुकत नव्हतं."