ओढणाऱ्यांची पाच मिनिटं

अकराचा भोंगा झाला आणि लाँड्रीतले सिगरेट ओढणारे सहाजण मागच्या दाराकडे निघाले. त्यांच्या मागोमाग लंब्याही निघाला. दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाने त्याला हात आडवा घातला.

"तू कुठे?"

"बाहेर. पाचच मिनिटं."

"सोडलीस ना तू? अठरा दिवस झाले, जो भेटेल त्याला सांगत सुटलायस."

"ओढत नाही हो. नुसता उभा राहतो वाऱ्याला."

"वारा मलाही हवाय," मुकादम म्हणाला. "नुसतं उभं राहायची सुट्टी नाही आपल्याकडे. जा, रोलर गरम आहे."

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. नियम मालकाचा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे चोरून सिगरेट ओढली आणि अर्धं गोदाम जळालं. तेव्हापासून ओढणाऱ्यांना दिवसातून तीनदा मागच्या अंगणात सोडत. न ओढणारा काही आग लावत नाही, मग त्याला कशाला सोडायचं? मालकाचं हे डोकं इतकं सरळ चालायचं, की त्याच्याशी वाद घालायची सोयच नव्हती.

लंब्या रोलरपाशी परत आला. समोर आक्का चादरीचं एक टोक धरून उभी होती. दुसरं त्याने धरलं. दवाखान्यांच्या ओल्या चादरी दोघांनी ताणून तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, की पलीकडून त्या कडक होऊन बाहेर पडत. एकट्याने जमणारं काम नव्हतं ते. त्यामुळे लंब्या ओढायला गेला की रोलर बंद व्हायचा आणि आक्का गठ्ठ्यावर बसून सुजलेले पाय लांब करायची. आता अठरा दिवसांत ती एकदाही बसली नव्हती. त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. नऊ वर्षं तिने सिगरेटवरून त्याला सख्ख्या बहिणीसारखं फैलावर घेतलं होतं, आता कुठल्या तोंडाने बोलणार?

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"नाही म्हणाला."

"मग काल त्या बाईंनी एवढं शोधून काढलं, त्याचं काय?"

त्या बाई म्हणजे दवाखान्यातल्या समुपदेशक. तलफ आली की वही काढून वेळ लिहायची, एवढंच त्यांनी लंब्याला सांगितलं होतं. त्याने इमानाने लिहिली. पानोपान तेच निघालं: अकरा, दोन, साडेचार. सुट्टीच्या दिवसाची पानं कोरी. बाईंनी काल वही दोनदा चाळली. "इथे लागण्याआधी ओढत होतात?" असं विचारलं. तो नाही म्हणाला. इथे आल्यावर दीड महिन्यात शिकला होता. "म्हणजे तुम्हाला सिगरेट नकोच होती," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते दार हवं होतं."

ऐकून त्याला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं. एका दारापायी अर्धी फुप्फुसं घालवली होती त्याने. आता एकही ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून बजावलं होतं. पण दुखणं कुठून सुरू झालं ते कळलं, आता मुकादमाला सरळ सांगू, असं म्हणून तो सकाळी खुशीत कामावर आला होता.

दीडच्या सुमाराला त्याला धाप लागली. वाफेने डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातलं टोक निसटलं आणि चादर रोलरमध्ये चुरगळून करपली. मुकादम लांबूनच ओरडला. आक्काने चिमट्याने चादर ओढून काढली.

दोनचा भोंगा झाला. शेजारच्या रोलरवरचा माणूस खिसा चाचपत निघाला होता. लंब्याने त्याच्यापुढे हात केला.

"दे एक."

त्याने दिली, वर काडेपेटीही दिली. लंब्याने सिगरेट ओठांत धरली आणि पाऊल उचललं. तेवढ्यात आक्का रोलरला वळसा घालून आली आणि तिने त्याच्या तोंडातली सिगरेट काढून घेतली.

"आक्का, दे ती. मरतोय मी इथे."

"तिकडे जाऊनही मरशील. तुझ्या छातीत जागा उरली नाही, लंब्या. माझ्या आहे अजून."

तिने त्याच्या हातातली काडेपेटी घेतली आणि दाराकडे चालू लागली. तिला बघून मुकादम हसायलाच लागला.

"आक्का, तू?"

"का? बाईच्या छातीत धूर मावत नाही?"

"पेटवावी लागेल हं. हातात धरून मिरवायची नाही."

"पेटवते की. बघ उभा राहून."

दार लागलं. जोडीदार गेला, तेव्हा नियमाप्रमाणे रोलर बंद झाला. लंब्या गठ्ठ्यावर बसला. बाहेरून आक्काचा खोकला ऐकू आला, मग सगळ्यांचं हसणं, मग कुणाचं तरी "आत घे, आत घे." उठावं, तिला हाताला धरून परत आणावं, असं त्याने मनाशी दोनदा म्हटलं. पण वाफ खाली बसत होती, गुडघे सैल पडले होते, श्वास पुरत होता. इतकं बरं त्याला अठरा दिवसांत वाटलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तो बसून राहिला.

आक्का परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. पदराने तोंड पुसून तिने चादरीचं टोक उचललं. लंब्याने दुसरं धरलं.

साडेचारचा भोंगा व्हायच्या आधीच लंब्याने रोलरचं बटण बंद केलं आणि आधी तिच्याकडे, मग मागच्या दाराकडे पाहिलं.