डावीकडे झुकणारे चित्र

“तिथंच थांबवा की, अण्णा,” पहिल्या रांगेतला ज्ञानोबा म्हणाला.

सरकारी प्रचारगाडीवरच्या नरसिंगने चित्रपटाचे यंत्र थांबवले नाही. अंधारासाठी शाळेच्या दारा-खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. विहिरीत औषध टाकण्याविषयीचा जुना माहितीपट चालू होता. डोक्यावर घागर घेतलेली एक पाठमोरी बाई विहिरीपासून चार सेकंद चालली आणि पडद्याबाहेर गेली. त्या प्रसंगात चित्र दर पावलाला डावीकडे झुकत असे. फिल्मच्या पट्टीची कडेची छिद्रे झिजली आहेत, हे नरसिंगचे अकरा वर्षांचे निदान होते. प्रत्येक खेळाआधी तो यंत्राची पकड आवळत असे. दोष जात नसे.

खेळ संपल्यावर त्याने थकलेल्या आवाजात कारण सांगितले: पट्टी थांबली, तर दिव्याच्या उष्णतेने जळते.

“दिवा तुमचा आमच्या सासऱ्यावानी तापट हाय,” ज्ञानोबा म्हणाला. मग त्याने सांगितले की ती घागरवाली त्याची बायको. चित्रीकरण इथेच, मन्नाएखेळ्ळीत झाले. पुढच्याच वर्षी ती वारली. घरात तिचा एकही फोटो नाही. आणि आता ही पट्टी बाद होऊन रंगीत येणार, असे त्याच्या कानावर आले होते.

ते खरे होते. आजचा खेळ शेवटचा होता.

नरसिंगने गणित केले. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे एकूण शहाण्णव. एक कमी झाल्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते. त्याने भिंग लावले, जराही न झुकलेले चित्र शोधले, कात्रीने कापले आणि कागदात गुंडाळून दिले.

ज्ञानोबाने तो नखाएवढा तुकडा दारातल्या उन्हात धरला. बराच वेळ पाहिला. मग परत केला.

“ही ती न्हाई.”

तीच बाई, तोच प्रसंग. चूक शक्यच नाही, असे नरसिंगने त्याला सुनावले.

“आसंल. पर ही सरळ उभारलीया. तिचा डावा पाय आखूड व्हता, अण्णा. चालली तरच वळखू येती.”

नरसिंगने तुकडा जागच्या जागी जोडला, दाराची घोंगडी पुन्हा सोडली आणि पट्टी यंत्रावर चढवली. या वेळी पकड आवळली नाही.

बाई दर पावलाला डावीकडे झुकत गेली. विहीर मात्र मुळीच हलली नाही.