फटीतला दाणा

"चाचा, ही नळीच बाद निघाली!" मी रायफल टेबलावर ठेवली. खास बनवून घेतलेली नळी सुरुवातीला दहावर दहा देत होती. दसरा झाला आणि गोळ्या वाट्टेल तिकडे जायला लागल्या. उद्या निवड चाचणी होती.

रायफली दुरुस्त करणाऱ्या शिकलगारचाचांनी नळी आणि लाकडी दस्ता यांमधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. "नळी लाकडाला टेकली की नेम गेला," ते म्हणाले. पट्टी मध्येच अडली. त्यांनी स्क्रू सोडून नळी उचलली आणि खो खो हसत सुटले. आत कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा होता.

"खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

त्या दिवशी घरी फक्त सासूबाई होत्या. "बाईमाणसाला बंदूक कशाला?" म्हणत त्या लग्नापासून माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. मी फोन लावला.

"केली की पूजा," त्या फणकारल्या. "विळी-कोयता पुजला, आणि तुझं शस्त्र तेवढं बिनपुजेचं ठेवू होय? का, काय बिघडलं?"

"काही नाही, आई," मी हसत डोळे पुसले. "उद्या मी निघताना परत पूजा करा. फक्त अक्षता माझ्या डोक्यावर टाका."