निवडुंगाला आग्रह

दिगंबरपंत वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचा जीव आणि आवाज निवडुंगात उतरवला. तिथवर ठीक होतं. पण त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी त्या निवडुंगाला तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घातलं आणि तो बुडापासून कुजला. जाता जाता एक फळ तेवढं देऊन गेला.

त्या फळातल्या बिया पेरल्या, तर उगवलेल्या रोपांचं एकमेकांशी जमेना. एक घोरायचं, एक बातम्यांना शिव्या घालायचं, एक नुसता लाडवांचा डबा शोधायचं. ताईंनी "मी कोण?" म्हटलं की सगळी गप्प.

"सत्तारभाई, एकालाही मी ठाऊक नाही हो."

"पोरं कधी अख्खा बाप उचलतात का, ताई?" रोपवाटिकेवाले सत्तारभाई म्हणाले. "कुणी नाक घेतं, कुणी खोड."

कोपऱ्यातलं वाकडं, बिनकाट्याचं रोप अजून बोललंच नव्हतं. ताईंनी त्याच्यावर तांब्या कलता केला, तसा पंतांचा आवाज आला, "चिमणे, पुरे गं."

याच हाकेसाठी ताई झुरत होत्या. पण त्यांनी तांब्या झटकन सरळ केला. मोठा निवडुंगही शेवटी रोज हेच म्हणायचा. आणि पंगतीतलं 'पुरे' कुणी खरं मानतं का, म्हणून त्या हसून आणखी थोडं वाढायच्या.