परकारची पेटी

"आज कसा आहे?" जहाजवाल्याने दारात चपला काढता काढता विचारलं.

"तसेच आहेत," वहिनी म्हणाल्या. जहाजवाल्याचा चेहरा पडला. वहिनींना वाटलं, मित्राच्या काळजीने पडला.

आतल्या खोलीत वहिनींचा नवरा, परकार, उशांना टेकून पडला होता. प्लास्टिकच्या पत्र्यातून तो अशा काही गोल चकत्या काढायचा, की छोटी मॉडेलं बनवणाऱ्या मंडळींनी त्याचं नावच परकार ठेवलं होतं; जहाजवालाही त्यांच्यातलाच. गंमत म्हणजे खऱ्या परकाराला तो हातही लावत नसे. परकाराच्या कटरची सुई चकतीच्या मधोमध भोक पाडते, आणि माप लहान असलं की पातं घसरतंच. परकारकडे पोलादी पंचांची, म्हणजे धारदार कडेच्या गोल दांड्यांची, पेटी होती. भोकं पाडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिक सरकवायचं, मापाचा पंच भोकात उभा करायचा, वरून हातोडीचा एक टोला. खाली चकती पडायची ती नाण्यासारखी. ज्या लेथवाल्याने ती पेटी घडवली तो केव्हाच गेला होता, आणि बाजारात मिळणारे पंच तिच्यापुढे निव्वळ खेळणी होते.

जहाजवाल्याचा जीव त्या पेटीत अडकला होता. संग्रहालयात भिंतभर लांबीच्या जहाजाचं मॉडेल व्हायचं होतं. दोन्ही अंगांना गोल खिडक्यांच्या रांगाच रांगा, एकेक खिडकी म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी चकती. नमुन्याची रांग संग्रहालयाच्या साहेबांना पसंत पडली तर काम याचं, नाहीतर दुसऱ्याचं. जन्मभर छोट्या होड्यांची मॉडेलं करून पोट भरणाऱ्या माणसाला असं काम पुन्हा कोण देतो?

त्याने पेटी उसनी मागून पाहिली होती. परकार हसला होता. "जिवंतपणी कुणाला देणार नाही. माझ्यामागे मात्र तुझीच."

तेव्हापासून जहाजवाला रोज यायला लागला. पाय चेपायचा, औषध पाजायचा, उशी सारखी करायचा. शेजारी म्हणत, सख्खा भाऊ करणार नाही एवढं हा करतोय. खरंच होतं ते. सख्ख्या भावाने आजाऱ्याच्या छातीकडे असं टक लावून पाहिलं नसतं.

एका दुपारी परकार तोंड उघडं टाकून झोपला होता, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. नमुना कधी दाखवताय, म्हणून ते वैतागले होते. जहाजवाल्याला बाहेर जायचाही कंटाळा. खुर्चीतूनच हळू आवाजात म्हणाला, "थोडी कळ काढा साहेब. फार दिवस नाहीत आता." परकारचा श्वास संथ चालला होता. जहाजवाल्याने त्याचं पांघरूण नीट केलं आणि घरी गेला.

पुढे एकदा परकारच म्हणाला, "पेटीला गंज चढलाय रे. धार लावायचा बारीक दगड आणशील? द्यायचीच तर माझ्या हाताने नीट करून देतो."

जहाजवाल्याला भरून आलं. खोटं नव्हे, खरंच आलं. त्याने बाजारातला सगळ्यात चांगला दगड आणला. मग परकार पडल्या पडल्या एकेक पंच घासत बसायचा. बोटं काळी व्हायची, धाप लागायची, पण गडी थांबायचा नाही. वहिनी रागावल्या तर जहाजवालाच मध्ये पडायचा. "घासू द्या हो, तेवढाच विरंगुळा." त्याला आता उलटीच काळजी लागली होती. पेटी पुरी व्हायच्या आधीच हा आटपला तर?

पण परकारने दिला शब्द पाळला. शेवटचा पंच घासून झाला, पट्ट्यांची भोकं घासून झाली, आणि मगच तो गेला. जहाजवाला धाय मोकलून रडला. सगळं आवरल्यावर वहिनींनी रुमालात बांधलेली पेटी त्याच्या हातात ठेवली. त्याने घरी पोचताच साहेबांना फोन लावला. उद्याच या, तुमच्या डोळ्यांदेखत रांग पाडून दाखवतो.

साहेब आले, समोर बसले. जहाजवाल्याने प्लास्टिक सरकवलं, पंच उभा केला, टोला दिला. खाली पडलं ते फाटक्या कडांचं, मुडपलेलं काहीतरी. त्याने दुसरा पंच घेतला. मग तिसरा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. जहाजवाल्याने पंचाच्या टोकावरून बोट फिरवलं. कड कुठे लागतच नव्हती. सगळेच पंच गोटीसारखे गुळगुळीत होते, आरशासारखे चकचकीत. साहेब उठले, पुन्हा कळवतो म्हणाले आणि निघून गेले.

त्याने फोन लावला. "वहिनी, त्याने पंचांना नक्की काय केलं?"

"तुमच्याच दगडाने तर घासत होते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आणि हो, बरं झालं फोन केलात. तुमचा फोन येईल म्हणाले होते. तुम्हाला एक निरोप आहे. मला काही अर्थ लागला नाही, पण शब्द न् शब्द पाठ करून घेतला माझ्याकडून. म्हणाले, त्याला सांग, थोडी कळ काढ, फार दिवस नाहीत आता."